मानेतली धमनी चिरल्यावर : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

मानेतून मेंदूकडे चार धमन्या जातात. पुढच्या बाजूने दोन कॅरोटिड, आणि मागून मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. यांपैकी एखादीच्या आतल्या अस्तराला चीर पडते, रक्त भिंतीच्या पदरांत शिरते, भिंत आतल्या अंगाला फुगून वाट अरुंद होते आणि चिरेवर गुठळी धरते. त्या गुठळीचा तुकडा सुटून वर गेला की पक्षाघात. याला डॉक्टर डिसेक्शन म्हणतात. एकूण पक्षाघातांत याचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत तो १० ते २५ टक्क्यांपर्यंत जातो. सोलापूर शहर आणि परिसरातून या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. उत्तरे मेंदूविकार आणि फिजिओथेरपी या विषयांतल्या आमच्या सल्लागारांची. गोळ्यांत कोणताही बदल करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, ही सूचना एकदाच करतो आणि पुढे जातो.

प्रश्न : अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी यंत्रमागावर काम करतो, वय ३१. बीम (सूत गुंडाळलेला जड रूळ) चढवताना मानेत लचक भरली. दोन दिवसांनी चक्कर, उलट्या आणि चालताना डावीकडे झोक जाऊ लागला. डाव्या व्हर्टिब्रल धमनीत डिसेक्शन आणि लहान मेंदूत छोटा डाग निघाला. घरी येऊन तीन आठवडे झाले. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. डॉक्टर ‘जड उचलू नका’ म्हणाले. जड म्हणजे किती, आणि किती दिवस? आमचे घर आठवड्याच्या पगारावर चालते.

उत्तर : किलो आणि आठवडे सांगितल्याशिवाय ‘जड उचलू नका’ला अर्थ नाही, तेव्हा तेच सांगतो. पण आधी आत काय चालले आहे ते समजून घ्या. पक्षाघाताचा सगळ्यात मोठा धोका पहिल्या दोन आठवड्यांत असतो, तो तुम्ही ओलांडला. भिंतीत साठलेले रक्त हळूहळू शोषले जाते आणि बहुतेकांत ३ ते ६ महिन्यांत धमनीची वाट बरीचशी मोकळी होते. हे काम शरीर स्वतःच करते. गोळ्या चीर सांधत नाहीत, सांधेपर्यंत तिच्यावर गुठळी धरू देत नाहीत. म्हणून ‘आता बरे वाटतेय’ म्हणून गोळी चुकवणे हीच सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. दोन्ही गोळ्या बहुधा तीन आठवडे ते तीन महिने एकत्र देतात आणि मग एकच ठेवतात. तुमची तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. ती लिहिलेली नसली की कोणी दोन्ही वर्षभर खात बसतो, कोणी दोन्ही एकदम थांबवतो.

वजनाचे आकडे कोणत्याही चाचणीतून आलेले नाहीत. उपचार करणाऱ्यांनी सावधगिरीने ठरवलेली ही मर्यादा आहे. पहिले ६ आठवडे ५ किलोपर्यंत, म्हणजे पाण्याचा पाच लिटरचा कॅन. सहा ते बारा आठवडे १० किलोपर्यंत, वस्तू पोटाशी धरून. पुढचे सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीचा (धमन्यांच्या स्कॅनचा) अहवाल पाहून. डोक्यावर ओझे मात्र तीन महिने अजिबात नाही. नळाला पाणी आले की हंडे-घागरी भरायची घाई उडते, तिथे हमखास चुकते. पंधरा लिटरची भरलेली घागर भांड्यासकट सोळा-सतरा किलोची होते.

वजनापेक्षाही दोन गोष्टी वाईट. एक, श्वास कोंडून जोर लावणे. उचलताना तोंडाने श्वास सोडत उचला, आणि बद्धकोष्ठ असेल तर रात्री इसबगोल घेऊन तेही सोडवा. दुसरी, मान एका टोकापर्यंत वळवून किंवा मागे टाकून तशीच ठेवणे. व्हर्टिब्रल धमनी वरच्या दोन मणक्यांपाशी वळणे घेत जाते, मान पूर्ण फिरवली की ती तिथे ताणली जाते. मागाखाली आडवे होऊन वर बघत नट आवळणे, छताच्या शाफ्टकडे बघत पट्टा चढवणे, ही कामे म्हणून तीन महिने नकोत. बीमला हात लावायचा नाही, चार जण असले तरी. एकाचा हात सुटला की झटका उरलेल्यांच्या मानेला बसतो.

मग करायचे काय? मालकाशी बोलून कांडी भरणे, टॉवेलची तपासणी किंवा घडी असे बसून करायचे काम सहाव्या आठवड्यापासून, आधी अर्धी पाळी, मागून घ्या. चालत्या मागाजवळ जाण्याआधी घरी दोन परीक्षा करा, शेजारी कोणी उभे ठेवून. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचे बोट लावत सरळ रेषेत दहा पावले, आणि एका पायावर दहा सेकंद. दोन्ही न डगमगता जमल्याशिवाय धोटा आणि पट्टे असलेल्या जागेत उभे राहू नका. लहान मेंदूचा झोक थकल्यावर परत येतो, म्हणून ही परीक्षा सकाळी नाही, संध्याकाळी करा.

तोल सुधारण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका, पण डोके झपझप फिरवायचे व्यायाम पहिल्या सहा आठवड्यांत नकोत हे त्यांना आधीच सांगा. मान दुखली तरी ट्रॅक्शन (वजन लावून मान ताणणे) लावून घेऊ नका. गळ्याला पट्टा बांधून बसायचीही गरज नाही, त्याने स्नायू ढिले पडतात. मान आरामात जाईल तितकी सावकाश हलवत राहा.

पगाराचे म्हणाल तर तुमचा कामगार विमा कापला जातो का ते आधी बघा. पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी विम्याच्या डॉक्टरचा दाखला लागतो, खासगी दवाखान्याची चिठ्ठी त्या जागी सहसा चालत नाही. आणि मावा. तंबाखू कोणत्याही रूपात असो, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. तो सोडायला यापेक्षा चांगले निमित्त मिळणार नाही.

प्रश्न : वय २९. उजव्या कॅरोटिडचे डिसेक्शन, वॉरफेरिन (रक्त पातळ करणारी गोळी) सुरू होऊन दोन महिने झाले. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) कधी १.६ तर कधी ३.९. डॉक्टर रागावतात. पालेभाजी सोडली, तरी तेच. माझ्या मावसभावाला हाच आजार झाला तर नुसती ॲस्पिरिन दिली, मलाच हे का? पुढच्या वर्षी मूल हवे आहे, तेही विचारायचे आहे.

उत्तर : ॲस्पिरिन की वॉरफेरिन, यावर डॉक्टरांतही दोन मते आहेत आणि दोन्हींना आधार आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅडिस चाचणीत २५० रुग्णांत दोन्ही गटांत पुन्हा पक्षाघात होणारे अगदी थोडे निघाले आणि ठळक फरक दिसला नाही. २०२१ च्या ट्रीट-कॅड चाचणीत १९४ रुग्ण होते, तिथे ॲस्पिरिन वॉरफेरिनच्या जातीच्या औषधांइतकीच चांगली आहे हे सिद्ध करता आले नाही. म्हणून धमनीत गुठळी दिसत असेल किंवा वाट फार अरुंद झाली असेल, तर बरेच डॉक्टर तीन ते सहा महिने वॉरफेरिन देतात आणि मग ॲस्पिरिनवर आणतात. तुमचा आणि भावाचा स्कॅन एकसारखा असेल असे नाही.

आता आयएनआर. लक्ष्य २ ते ३. खाली गेला तर गुठळीचा धोका, वर गेला तर रक्तस्रावाचा. पालेभाजी सोडणे ही नेमकी उलटी चाल आहे. मेथी, पालक, शेपू, चाकवत, हरभऱ्याचा पाला, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व भरपूर, आणि ते वॉरफेरिनच्या विरुद्ध काम करते. पण डोस ठरतो तुमच्या नेहमीच्या खाण्यावर. भाजी अजिबात बंद केली की आयएनआर वर उडतो, डॉक्टर डोस कमी करतात, मग कोणी मेथीची भाजी केली की तो खाली कोसळतो. तुमचे आकडे वाचून हेच घडत असावे असे वाटते. आठवड्यातले तीन वार ठरवा, त्या दिवशी शिजवलेली एक वाटी पालेभाजी, आणि तो नेम पाळा. थंडीत बाजारात मेथी-हरभऱ्याचे ढीग लागतात तेव्हा खाणे आपोआप वाढते, एप्रिल-मे मध्ये पाला कमी मिळतो. हे दोन ऋतुबदल आणि श्रावणातले उपास, या वेळी तपासणी एक जादा करा. भाकरी, शेंगाची चटणी, आमटी, दही यांचा आयएनआरशी विशेष संबंध नाही. (चटणीतल्या मिठाचा रक्तदाबाशी आहे.)

गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळी घ्या. सकाळी रक्त दिले की संध्याकाळच्या गोळीआधी डोस बदलता येतो, म्हणून संध्याकाळ सोयीची. वेळ चुकली आणि त्याच दिवशी आठवले तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवले तर सोडून द्या, दुप्पट कधीही नाही. गोळीच्या रंगावर जाऊ नका. कंपनी बदलली की रंग बदलतो, मिलिग्रॅम वाचा. औषध दुकानदाराने वॉरफेरिनऐवजी ॲसेनोकूमरॉल दिले तर परत करा. जात तीच असली तरी मिलिग्रॅम सारखे नाहीत.

आयएनआर अचानक चढण्यामागे पुष्कळदा दुसरे औषध असते. जुलाबासाठीचे मेट्रोनिडाझोल, लघवीच्या जंतुसंसर्गासाठीचे कोट्रायमोक्साझोल, बुरशीसाठीचे फ्लुकोनाझोल, ही तीन नावे चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. कोणतेही प्रतिजैविक सुरू झाले की तीन ते पाच दिवसांत आयएनआर बघायचा. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक नाही, यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालेल, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत आणि थोडे दिवस. आपल्याकडे ताप आला की कमरेत इंजेक्शन घेतल्याशिवाय समाधान होत नाही. वॉरफेरिनवर असताना ती सुई स्नायूत मोठी रक्ताची गाठ करू शकते, तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट नाही म्हणा. काळी शी, थांबत नाही असा घोळणा, डोक्याला मार, किंवा पाळीत दर तासाला पॅड बदलावे लागणे, यांत दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

मुलाबद्दल. डिसेक्शन झाले म्हणून गर्भधारणा कायमची बंद, असा नियम नाही. पण वॉरफेरिन चालू असताना दिवस राहू देऊ नका, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ते बाळाच्या घडणीला बाधते. पाळी आठवडाभर लांबली तर चाचणी करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तोवर संततिनियमनासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या तुम्हाला चालणार नाहीत, त्या गुठळीचा धोका वाढवतात. वॉरफेरिनमुळे आधीच जास्त जाणारी पाळी तांबीने आणखी वाढेल. स्त्रीरोगतज्ज्ञांशी प्रोजेस्टेरॉनच्या साधनांविषयी बोला. स्कॅन समाधानकारक आला, वॉरफेरिन बंद झाले आणि रक्तदाब ताब्यात असला की पुढच्या वर्षाची योजना वाजवी आहे. अपवाद एकच, धमन्या मुळात कमकुवत असण्याचा आनुवंशिक आजार. त्वचा पातळ आणि शिरा दिसणारी, कारणाविना निळे डाग पडणे, सांधे जास्त वळणे किंवा घरात कोणाची मोठी धमनी तरुणपणी फुटलेली असणे, यांपैकी काही असेल तर गर्भधारणेआधी जनुकीय तपासणी करून घ्या.

प्रश्न : माझ्या २२ वर्षांच्या मुलाला दोन महिन्यांपूर्वी हा त्रास झाला. बाकी सगळे ठीक आहे, पण डावी पापणी अर्धवट मिटलेली आणि त्या डोळ्याची बाहुली बारीक राहिली आहे. नातेवाईक नाना उपाय सांगतात.

उत्तर : उपाय नकोत. चेहऱ्याच्या एका बाजूच्या पापणीकडे आणि बाहुलीकडे जाणारे बारीक मज्जातंतू कॅरोटिड धमनीच्या अंगावरूनच वर जातात. धमनीची भिंत फुगली की ते दाबले जातात. नजरेला काही होत नाही. काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बहुधा सुधारते, काहींत थोडेसे कायम राहते. एक काम मात्र करा. ‘डावी बाहुली बारीक आहे, कारण माहीत आहे’ असे न्यूरॉलॉजिस्टकडून लिहून घेऊन त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. उद्या अपघात झाला तर कॅज्युअल्टीतला डॉक्टर सगळ्यात आधी बाहुल्या तपासतो, आणि जुन्या फरकाला नवा समजून घोटाळा होतो.

प्रश्न : केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान कडकड मोडून घ्यायची माझी वर्षानुवर्षांची सवय. डिसेक्शन त्यामुळेच झाले का? आता पुन्हा कधी चालेल?

उत्तर : त्यामुळेच झाले असे एका माणसाबाबत छातीठोकपणे सांगता येत नाही. मानेला दिलेल्या झटक्यानंतर डिसेक्शन झाल्याच्या नोंदी मात्र वैद्यकात पुष्कळ आहेत. पुन्हा कधी? कधीच नाही. सलून, हाडवैद्य, ‘ॲडजस्टमेंट’ करणारे, कोणीही. खुर्चीत बसण्याआधी सांगा, कारण कात्री ठेवल्या ठेवल्या त्यांचा हात सवयीने हनुवटीवर जातो. खांद्यांना आणि पाठीला तळहाताने चोळणे चालेल. मानेच्या पुढच्या भागाला बोट लावू देऊ नका. पार्लरमध्ये बेसिनच्या कडेवर मान मागे टाकून केस धुणेही टाळा, पुढे वाकून धुवा.

प्रश्न : वय २६. जुलैमध्ये डिसेक्शन झाले. पक्षाघात झाला नाही, फक्त डोके-मान दुखली आणि कानात ठोके ऐकू येत होते. आमच्या घराण्यात गड्ड्याच्या यात्रेत (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत) नंदीध्वज (उंच, जड काठी) पेलण्याची परंपरा आहे. जानेवारीपर्यंत सहा महिने होतील. पेलू का? सराव आधीच सुरू होतो.

उत्तर : या जानेवारीत नको. सहा महिन्यांत तुमची धमनी कदाचित पूर्ण सुधारलेली असेल, पण इथे प्रश्न फक्त वजनाचा नाही. तोल गेलेला नंदीध्वज सावरताना मान, खांदा आणि छाती एकाच क्षणी ताठ होतात, श्वास आपोआप कोंडला जातो आणि झटका कोणत्या बाजूने येईल हे आधी कळत नाही. त्यात अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेचे तासन् तास चालणे, जागरण आणि पाणी कमी पिणे. सरावात तर हेच पुन्हा पुन्हा घडते. बाराबंदी घालून मिरवणुकीत चाला, अक्षता सोहळ्याला उभे राहा, काठीला हात लावू नका. पुढच्या वर्षासाठी अट अशी : अँजिओग्राफीत धमनी मोकळी, रक्तदाब १३०/८० च्या आत, आणि त्याआधीचे चार महिने व्यायामाने टप्प्याटप्प्याने वाढवलेले वजन त्रासाविना उचलता येणे. जिमला जात असाल तर हीच अट तिथेही, आणि डोक्यावर बार नेणारे व्यायाम सर्वांत शेवटी.

प्रश्न : मी शिक्षिका, वय ३४. चार महिने झाले. मान जरा दुखली की पुन्हा फाटले असे वाटते. तीनदा रात्री कॅज्युअल्टीत गेले, दर वेळी काही निघाले नाही. झोप उडाली आहे.

उत्तर : आधी आकडा. पुन्हा डिसेक्शन होण्याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वाधिक, त्यानंतर तो वर्षाला शंभरात एकाच्या आसपास उतरतो. मानेचे दुखणे मात्र काही महिने रेंगाळू शकते, कारण भीतीने आपण मान आखडून धरतो आणि स्नायू दुखू लागतात. फळ्यावर लिहिताना आणि वह्या तपासताना तर जास्तच.

स्नायूचे दुखणे बहुधा दाबल्यावर दुखते, मान एका विशिष्ट दिशेला नेल्यावर वाढते, शेकल्यावर हलके होते. धमनीचे दुखणे बहुधा नवे, एका बाजूचे, ‘असे आधी कधीच दुखले नव्हते’ अशा जातीचे, कानामागे किंवा डोळ्याकडे चढणारे असते आणि कुशी बदलून त्यात फरक पडत नाही. हा भेद शंभर टक्के खात्रीचा नाही, म्हणून तीन पायऱ्या धरा. ओळखीचे आखडणे : वहीत नोंद, शेक, पॅरासिटामॉल. अनोळखी, एका बाजूचे आणि काही तास टिकलेले दुखणे : त्याच दिवशी डॉक्टर. आणि दुखो वा न दुखो, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, दोन-दोन दिसणे, एका डोळ्यापुढे पडदा, अचानक तोल जाणे, गिळताना ठसका, चेहऱ्याचा अर्धा भाग बधिर होणे : लगेच १०८.

अशा वेळी शेवटचे नीट कधी होते ती वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि मानेतले डिसेक्शन आहे म्हणून ते आपोआप नाकारले जात नाही. रात्री सीटी स्कॅन आणि डॉक्टर दोन्ही हजर असतात असे घराजवळचे रुग्णालय कोणते, हे आजच चौकशी करून ठेवा. आपल्या सर्वोपचार रुग्णालयाचीही त्यात चौकशी करा. वाटेत फॅमिली डॉक्टरकडे थांबून जिभेखाली रक्तदाबाची गोळी घेऊ नका. दाब एकदम पडला की मेंदूच्या उपाशी भागाचे आणखी नुकसान होते. तपासणीआधी तोंडाने काही देऊ नये, पाणीसुद्धा.

हे सगळे करूनही दोन आठवड्यांत झोप परत आली नाही, तर ते दुबळेपण समजू नका. पक्षाघात झालेल्यांत नैराश्य साधारण तिघांतल्या एकाला येते, भीतीचे झटके तर पक्षाघात न झालेल्यांनाही येतात. मनोविकारतज्ज्ञाला दाखवा, पण कोणती रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे ते सांगून. नैराश्याच्या काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. अर्धशिशी असेल तर ट्रिप्टान किंवा अर्गोटामिनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्या धमन्या आकसवतात.

प्रश्न : तीन महिन्यांच्या स्कॅनमध्ये धमनी मोकळी झाली, पण ‘स्यूडोॲन्युरिझम’ म्हणजे छोटा फुगा दिसतो. ऑपरेशन लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. मानेतले असे फुगे क्वचितच फुटतात, बरेचसे तसेच राहतात किंवा आक्रसतात. गोळ्या चालू असूनही पुन्हा पक्षाघाताचे झटके आले किंवा फुगा वाढत गेला, तरच स्टेंटचा विचार होतो. ॲस्पिरिन चालू ठेवा आणि पुढचा स्कॅन कधी ते न्यूरॉलॉजिस्टला विचारा. तो शक्यतो त्याच सेंटरवर, त्याच पद्धतीने करा आणि जुनी सीडी सोबत न्या. एकदा सीटी आणि एकदा एमआर केले की दोन मिलिमीटरचा फरक खरा की यंत्राचा, हे कळत नाही.

प्रश्न : दुचाकी कधीपासून?

उत्तर : चक्कर, दोन-दोन दिसणे आणि तोल जाणे पूर्ण थांबल्यावर, पक्षाघात झाला असेल तर किमान महिन्याने आणि डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर. मान न दुखता दोन्ही खांद्यांवरून मागे बघता यायला हवे, जमत नसेल तर आणखी थांबा. रिक्षा किंवा ट्रक चालवून पोट भरणाऱ्यांनी जास्त. हेल्मेट हलके पण पक्के घ्या. मागे बसला असाल तर गतिरोधक दिसत नाही आणि झटका थेट मानेला बसतो, म्हणून पहिले दोन महिने मागच्या सीटपेक्षा बस बरी. मेच्या उन्हात दुपारी निघूच नका, आणि निघालात तर पाण्याची बाटली रिकामी करून परत या.